‘ह्यांचं’ प्रगतिपुस्तक तुम्ही पाहिलंत का?

मुलांचं प्रगतिपुस्तक घरी आलं की आपण ते किती बारकाईनं पाहतो! गणितात चार गुण कमी पडले तर का पडले, हजेरी कमी कशी भरली, सगळी उलटतपासणी होते आणि मग सही. मी स्वतः एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पालकांची सही नसेल तर प्रगतिपुस्तक परत घेत नाही.

पण मैत्रिणींनो, आपल्या घरातल्या कर्त्या माणसाचंही एक प्रगतिपुस्तक पुष्कळ ठिकाणी दर वर्षी निघत असतं. ते निघतं कारखान्याच्या दवाखान्यातून. त्यावर घरच्यांची सही कुणी मागत नाही, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचतच नाही. आमच्या घरी तर ते तब्बल सहा वर्षं कपाटात पडून होतं. त्याची किंमत काय मोजावी लागली, तेच आज मोकळेपणानं सांगणार आहे.

सात की आठ?

आमचे हे एका कारखान्यात प्रेस शॉपला आहेत. पत्रा कापायची आणि ठोकून आकार द्यायची मोठाली यंत्रं तिथं असतात. लग्न झाल्यापासून मी ऐकत आले आहे, ‘तिथं शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं.’ मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. कारखाना म्हटला की आवाज आलाच!

गेली दोन-तीन वर्षं मात्र घरात कुरबुरी वाढल्या होत्या. टीव्हीचा आवाज इतका मोठा, की सासूबाई जपाची माळ घेऊन आतल्या खोलीत जायच्या. कुकर लावून मी खाली भाजी आणायला गेले आणि ‘तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा’ असं सांगून गेले, तर परत येईपर्यंत डाळ करपून कुकरचं बूड काळं. हे समोरच पेपर वाचत बसलेले! चारचौघांत हे बोलेनासे झाले होते. लग्नाकार्यात एका कोपऱ्यात बसून राहायचे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की वय वाढलं तसा माणूस तुसडा झाला, घराकडे लक्ष राहिलं नाही.

आणि मग ती मार्गशीर्षातली संध्याकाळ आली. मुलगी आठवीत. तिचा क्लास घरापासून लांब, हमरस्त्याच्या पलीकडे. सकाळी निघताना ती म्हणाली, “बाबा, आज सातला सुटणार आहे, न्यायला या.” हे “बरं” म्हणाले. मी तेव्हा ओट्याशी पोळ्या लाटत होते, मी स्वतः ऐकलं. रात्री हे क्लासवर पोचले ते आठला! सरांनी कुलूप लावून घर गाठलेलं, थंडीचे दिवस, अंधार मिट्ट. पोर तासभर बंद दाराशी एकटी उभी. बाजूच्या औषधाच्या दुकानातल्या काकांनी तिला आत बोलावून बसवलं, म्हणून बरं. घरी आली ती हुंदके देतच.

हे म्हणाले, “अगं, ती आठ म्हणाली होती.”

मी काय बोलले ते लिहायला आज लाज वाटते. मी म्हटलं, “कंपनीतलं सगळं बरोबर ऐकू येतं, घरचं तेवढं ऐकू येत नाही!” हे काहीच बोलले नाहीत. ताट तसंच सारून उठले.

कपाटातली सहा पाकिटं

पुढल्या आठवड्यात विम्याची पावती शोधताना ह्यांच्या खणात एका रबरात बांधलेली सहा पाकिटं सापडली. वर कारखान्याचा शिक्का, खाली ‘वार्षिक वैद्यकीय तपासणी’. चार तर फोडलेलीसुद्धा नव्हती. दर वर्षी दवाखान्यात नेऊन तपासतात, रजिस्टरवर सही घेतात, पाकीट हातात देतात. पाकीट येतं ते थेट खणात जातं!

मी ह्यांच्यासमोरच ती एकेक करून उघडली. रक्तदाब, साखर, डोळे, छातीचा फोटो, सगळं ठीक. शेवटचं पान होतं कानाच्या तपासणीचं. एक आलेख, त्यावर दोन रेघा, एक उजव्या कानाची आणि एक डाव्या. पहिल्या वर्षी रेघा जवळजवळ सरळ होत्या. दुसऱ्या वर्षी उजवीकडे एक खळगा पडलेला. तिसऱ्या वर्षी तो आणखी खोल. सहाव्या वर्षीच्या कागदावर तर तिथं विहीरच झालेली! आणि शेवटच्या तिन्ही वर्षी खाली डॉक्टरांच्या हातचा तोच शेरा, की कानांना संरक्षक वापरावे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

तीन वर्षं तोच शेरा. एखाद्या मुलाच्या पुस्तकावर तीन वर्षं ‘लेखन सुधारणे आवश्यक’ असं लिहिलं आणि घरी कुणी पाहिलंच नाही, तर मी त्या आईला काय बोलले असते?

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं. जरा वेळ गप्प बसून हे म्हणाले, “कमी ऐकू येतंय हे ठाऊक होतं. कानात रात्री रातकिडे किरकिरल्यासारखं होतं. पण डॉक्टरकडे जाऊन बसलो तर ‘अनफिट’ म्हणतील. मग प्रेसवरून काढून कुठंतरी बसवतील. ओव्हरटाईम गेला तर पोरीच्या क्लासची फी कुठून भरायची?”

म्हणजे ज्या क्लासच्या दाराशी पोर उभी राहिली, त्याच क्लासच्या फीसाठी हा माणूस आपले कान लपवत होता. मला काही बोलता येईना.

कारखान्याच्या दवाखान्यात

दोन दिवसांनी आम्ही दोघं मिळून गेलो. दवाखाना गेटाजवळच आहे. दोन खाटा, औषधांचं कपाट, प्राणवायूचं नळकांडं, स्ट्रेचर आणि एक सिस्टर. डॉक्टर ठरलेल्या वेळी येतात. ह्यांच्या परवानगीनं मी सोबत बसले आणि सहाही कागद टेबलावर मांडले.

डॉक्टरांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. आपल्या कानाच्या आत, अगदी खोल, केसासारख्या बारीक पेशी असतात. आवाज त्यांना हलवतो आणि तेव्हा मेंदूला ऐकू येतं. सततच्या मोठ्या आवाजानं या पेशी थकतात. विश्रांती मिळाली तर सुरुवातीला पूर्ववत होतात, पण रोज रोज तोच मार बसला तर कायमच्या मरतात. अंगावरची जखम भरते, तशा त्या परत येत नाहीत. म्हणून यावर औषध नाही, इंजेक्शन नाही. फक्त पुढची हानी थांबवता येते.

आवाजानं जाणारे कान एकदम जात नाहीत. आधी उंच पट्टीतलं जातं. आलेखावरचा खळगा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास पडतो, तो त्यामुळेच. माणसाला बोलणं ऐकू तर येतं, पण स, श, फ यांसारखी हलकी अक्षरं निसटतात. बायकांचा आणि मुलांचा आवाज आधी अवघड होतो. चार जण एकदम बोलायला लागले की काहीच उमगत नाही.

मी चटकन ह्यांच्याकडे पाहिलं. ‘सात’मधला ‘स’ निसटला तर काय उरतं? ‘आठ’च ना! आणि लग्नाच्या गर्दीत कोपऱ्यात बसणं, ते तुसडेपण नव्हतं. बिचाऱ्यांना कुणाचंच बोलणं लागत नव्हतं.

आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरत आले आहेत. आवाज पाच डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा करायचा. म्हणजे ९५ ला चार तास, १०० ला दोन तास. ११५ च्या वर तर उघड्या कानानं थांबायचंच नाही. आता डेसिबल मोजायचं यंत्र काही आपल्या घरी नसतं. पण एक साधी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर ती जागा कानांना घातक समजावी. आमच्या घरी ही खूण मी लग्न झाल्यापासून ऐकत होते, आणि हसून सोडून देत होते.

“इअर प्लग दिले होते ना तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं. दिले होते! ह्यांच्या कामाच्या शर्टाच्या खिशात ते कितीदा मला धुताना सापडले होते. घाम आला की कान खाजतो, मित्र हसतात, सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही, म्हणून ते खिशातच राहायचे. सिस्टरनं मग ते नीट कसे घालायचे ते दाखवलं. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून घेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवला तर त्याचा काही उपयोग नाही. तसंच घाणेरड्या हातानं घालायचा नाही. ज्यांना बोळा सोसत नाही त्यांच्यासाठी बाहेरून कान झाकणारे मफ असतात. आमच्या ह्यांना आता तेच मिळाले आहेत.

हा दवाखाना कशासाठी असतो?

तोवर माझी समजूत अशी, की कारखान्याचा दवाखाना म्हणजे डोकं दुखलं की गोळी आणि बोट कापलं की पट्टी. तुमचीही तशीच असेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी, आणि ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर डॉक्टर-परिचारिकांसह रुग्णसेवेची स्वतंत्र खोली, असं त्यात होतं. तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथं पाळणाघरही त्यात घातलं होतं. १९८४ साली भोपाळला विषारी वायूनं हजारो माणसं दगावली. त्यानंतर १९८७ मध्ये कायदा कडक झाला. धोक्याच्या कामावर घेण्याआधी तपासणी, मग ठरावीक मुदतीनं पुन्हा तपासणी, त्याची नोंद ठेवणं आणि ती नोंद कामगाराला पाहू देणं, हे तेव्हा बंधनकारक झालं. आता या जुन्या कायद्याची जागा २०२० च्या सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेनं घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ठरवून दिलेल्या वयाच्या आणि वर्गाच्या कर्मचाऱ्यांची दर वर्षी मोफत तपासणी मालकानं करावी, असं त्यातही आहे.

चांगल्या चाललेल्या दवाखान्यात ही कामं होतात:

कामावर घेताना तपासणी. तेव्हाचा कागद फार मोलाचा. कामाला लागताना कान, फुप्फुसं, डोळे कसे होते हे त्यावरून कळतं. पुढची सगळी तुलना त्याच्याशीच.

कामानुसार तपासणी. आवाजात काम असेल तर कान. दगडाची किंवा वाळूची भुकटी आणि कापसाचा कोंडा यांत काम असेल तर छातीचा फोटो आणि फुंकर मारून करायची श्वासाची तपासणी. बॅटरीच्या कारखान्यात शिशाचा संबंध येतो, तिथं रक्तातलं शिसं. क्रेन चालवणाऱ्याचे आणि ड्रायव्हरचे डोळे. सगळ्यांना एकच तपासणी पुरत नाही, म्हणून ‘ह्यांचं काम नेमकं कशात आहे’ हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे.

अपघात झाला तर पहिला उपचार आणि रजिस्टरमध्ये नोंद. ही नोंद विसरू नये. ‘एवढंसं तर लागलंय’ म्हणून नोंद न करता घरी आलं, आणि पुढं बोट चिघळलं, तर ते कामावरच लागलं हे सिद्ध करणं कठीण होतं.

मोठ्या आजारातून उठल्यावर पुन्हा कामावर घेण्याआधीची तपासणी. काही दिवस हलकं काम द्यावं, रात्रपाळी देऊ नये, अशी शिफारस डॉक्टर तेव्हा करू शकतात.

शिवाय रक्तदाब, साखर, वजन यांची नोंद. हे दुखत नसतं, म्हणून कळतही नाही. अशा तपासणीतच ते पहिल्यांदा सापडतं.

पण डॉक्टर कुणाचे?

ह्यांची जी भीती होती, ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. कारखान्याच्या डॉक्टरांना पगार कारखानाच देतो. प्रत्येक ठिकाणी माणुसकीचेच डॉक्टर भेटतील असंही नाही. आमच्या गल्लीत एकीच्या मिस्टरांच्या तपासणीचा कागद त्यांना कधी हातातच मिळाला नव्हता. नुसतं ‘सगळं ठीक आहे’ असं तोंडी सांगायचे. तेव्हा डोळे झाकून विश्वास नको आणि भीतीनं लपवालपवीही नको. कागद मागून घ्यावा. शंका असेल तर तोच कागद घेऊन सरकारी रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे दुसरं मत घ्यावं. तक्रार एकट्यानं करायची भीती वाटत असेल, तर युनियन किंवा सुरक्षा समिती असेल तिच्यामार्फत करावी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्यानं मानलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. भरपाईचा हक्क त्यावरूनच येतो. पण हक्क मागायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे हेच वर्षावर्षाचे कागद. लपवून ठेवले तर कानही जातात आणि हक्कही.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. ह्यांना प्रेसवरून हलवून स्टोअरला दिलं. ओव्हरटाईम कमी झाला, हे खरं आहे. महिन्याचा ताळेबंद नव्यानं मांडावा लागला. मी दोन शिकवण्या वाढवल्या, मुलीनं आपण होऊन शनिवारचा जादा क्लास सोडला. पण नोकरी गेली नाही. आणि ज्या गोष्टीच्या भीतीनं तीन वर्षं वाया घालवली, ती निभावून न्यायला आम्हाला तीन महिनेही लागले नाहीत.

ईएसआय म्हणजे वेगळं बरं का!

पुष्कळ जणींची इथं गल्लत होते. कारखान्याचा दवाखाना कारखान्याचा, आणि ईएसआय म्हणजे राज्य कर्मचारी विमा ही सरकारी योजना. १९४८ च्या कायद्यानं ती आली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली इथं सुरू झाली. आपल्याकडे १९५४ साली ती नागपूरला आली. २०१७ साली पगाराची मर्यादा २१,००० रुपये झाली. जुलै २०१९ पासून पगाराचे पाऊण टक्का कामगाराचे आणि सव्वातीन टक्के मालकाचे असा हिशेब बसवला गेला.

यातलं मुख्य म्हणजे औषधपाणी एकट्या कामगाराला नाही, तर बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांनाही मिळतं. आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. कामावर अपघात झाला तर त्याचा भत्ता वेगळा आहे. नोकरी करणाऱ्या भगिनींना बाळंतपणात २६ आठवडे मिळतात. यातल्या काही लाभांना वर्गणी किती दिवस भरली याच्या अटी आहेत, त्या ईएसआयच्या दवाखान्यात विचारून घ्याव्यात.

आमच्या शेजारच्या वहिनींचे मिस्टर ठेकेदाराकडे आहेत. ‘आम्ही कसले कायम! आम्हाला काय मिळणार?’ असं त्या म्हणायच्या. ह्यांनी पगाराची स्लिप मागवून पाहिली, तर दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापले जात होते! ठेकेदाराकडच्या कामगारालाही ही योजना लागू होते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. धाकट्या मुलाचं नाव घालायचं राहिलं होतं, सासूबाईंचंही राहिलं होतं. आता सगळ्यांची नावं चढली आहेत. तेव्हा आजच ती स्लिप पाहा, आणि घरात नवं बाळ आलं असेल तर त्याचं नाव लगेच घाला.

कामाच्या कपड्यांबद्दल दोन शब्द

कारखान्यातला धोका कधी कधी कपड्यांबरोबर घरात येतो. शिसं, अॅस्बेस्टॉस, रंगाची पूड, कीटकनाशकं यांत काम असेल तर अंगावरच्या कपड्यांत ती पूड भरून येते. आपण दारात कपडे झटकतो आणि पूड आपल्याच नाकातोंडात जाते. शिसं तर लहान मुलांना फारच वाईट, त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. म्हणून कामाचे कपडे शक्य तर कारखान्यातच बदलून यावेत, तिथंच धुवायची सोय असेल तर ती जरूर घ्यावी. घरी आणलेच तर न झटकता ओले करावेत, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत आणि बादली नंतर विसळून टाकावी. घरी आल्यावर मुलांना उचलून घेण्याआधी हातपाय, तोंड धुवावं. पाणी मोरीत तयार ठेवलं तर सांगावंही लागत नाही.

घरातली फाईल

आता आपल्या हातातलं काम. एक साधी पुठ्ठ्याची फाईल घ्या आणि:

१. सगळे तपासणीचे कागद वर्षाच्या क्रमानं लावा. एकच कागद फारसं बोलत नाही, तीन वर्षांचे शेजारी ठेवले की बोलतात.

२. पहिल्या पानावर तारीख, वजन, रक्तदाब, साखर आणि शेरा असा तक्ता आखा. रक्तदाब १४० वर ९० किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त असं दिसलं तर पुन्हा तपासून घ्यावं. एकदाच्या आकड्यावरून घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मध्ये असेल तर ती धोक्याची पूर्वसूचना समजावी.

३. शेरा इंग्रजीत असेल आणि लागत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. खाली पेनानं लिहिलेली ओळच सगळ्यात महत्त्वाची असते.

४. कानाची तपासणी सुट्टीनंतर, पाळी सुरू व्हायच्या आधी करून घ्यायला सांगा. आवाजातून थेट उठून गेलं तर थकलेल्या कानांचा आकडा येतो, तो खरा नसतो.

५. अपघाताच्या नोंदीची नक्कल, ईएसआयचा क्रमांक आणि औषधांच्या चिठ्ठ्या याच फाईलीत ठेवा.

६. आणि मालकाची परवानगी घ्या! कागद त्यांचा आहे. चोरून पाकीट फोडण्यात काही मजा नाही. शेजारी बसून, चहा घेत, दोघांनी मिळून पाहावा.

ज्या भगिनी स्वतः कारखान्यात, बँकेत, ऑफिसात जातात, त्यांनी हीच फाईल स्वतःचीही करावी. आपण घरच्या सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतो, आणि आपलं हिमोग्लोबिन किती आहे विचारलं तर गप्प बसतो! बायकांचं ते १२ च्या खाली असू नये.

ह्यांचे कान आता पूर्वीसारखे होणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. सरकारी रुग्णालयातल्या तज्ज्ञांनीही तेच सांगितलं. उजव्या कानाला यंत्र लावायचं का, ते पुढच्या तपासणीनंतर ठरेल. पण घर बदललं आहे. ह्यांच्याशी बोलताना आता आम्ही मागून, ओट्यापाशी उभं राहून ओरडत नाही. समोर येऊन, तोंड दिसेल असं, सावकाश बोलतो. टीव्ही आधी बंद करतो. मुलगी वेळ सांगताना बोटं दाखवते आणि ह्यांच्याकडून परत म्हणवून घेते. सासूबाईंना तर हे फारच आवडलंय. त्या म्हणतात, “आता माझंही ऐकतात हो सगळे!”

त्या रात्री जे बोलले ते मी ह्यांच्याजवळ परत घेतलं. हे हसून म्हणाले, “काय म्हणालीस? नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हण बघू!”

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी चहाबरोबर एवढंच विचारा, ‘यंदाची तपासणी झाली का? कागद कुठाय?’ खणात असेल तर बाहेर काढा. आणि खाली शेरा असेल, तर त्याच्याशेजारी तुमचीही सही करून ठेवा.